होडीच्या इंजिनची पाण्याची धार थांबली तर? आउटबोर्ड इंजिन, त्याचा इम्पेलर आणि देखभाल

कोकणातल्या एखाद्या जेटीवर उभे राहिला असाल, तर होडीच्या मागच्या बाजूला अडकवलेलं इंजिन तुम्ही नक्की पाहिलं असेल. ते चालू असताना त्याच्या अंगातून पाण्याची एक बारीक धार बाहेर पडत असते. नवख्या माणसाला वाटतं, इंजिन गळतंय. खरं तर उलट आहे. धार पडतेय तोवर काळजी नाही, ती थांबली की काळजी करायची.

ही धार येते कुठून, ती का थांबते, भर पाण्यात थांबली तर काय करायचं आणि तशी वेळच येऊ नये म्हणून काय देखभाल ठेवायची, हे या लेखात पाहू. उदाहरण माझंच घेतो, कारण ही सगळी माहिती मला रत्नागिरीच्या भाट्ये खाडीत, स्वतःच्या चुकीतून मिळाली.

काय घडलं?

डिसेंबरमध्ये आम्ही दोघं चार दिवस बायकोच्या मामांकडे रत्नागिरीला गेलो होतो. मामांची सतरा फुटी फायबरची होडी आहे, तिला ९.९ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. पावसाळ्यात शाकारून ठेवलेली होडी दिवाळीनंतर बाहेर काढली होती, पण इंजिन अजून घरीच होतं. ते लावून आम्ही मार्गशीर्ष पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला निघालो. सोबत थर्मासमध्ये चहा, डब्यात घावन. काजळी नदी जिथं समुद्राला मिळते ती भाट्ये खाडी. पावसकडे जाणाऱ्या रस्त्याच्या पुलाखालून जायचं, थोडं भटकायचं, सूर्यास्त बघायचा आणि परत, एवढाच बेत.

पूल ओलांडला आणि बायको म्हणाली, "अरे, मघाशी इथून पाणी पडत होतं ना? आता नुसते थेंब पडतायत."

तिला दिसलं, मला नाही, याला कारण आहे. लहान होडीत इंजिनच्या दांड्याला धरून चालवणारा माणूस पुढे बघत असतो, इंजिन त्याच्या पाठीशी असतं. समोर तोंड करून बसलेल्या माणसाला ते सतत दिसतं. मी म्हटलं, "येईल परत." दोन मिनिटांत इंजिनचा भोंगा वाजायला लागला आणि वेग आपोआप पडला. मी इंजिन बंद केलं.

इंजिन बंद झाल्यावर होडी उभी राहिली नाही. ओहोटी जोरात होती आणि आम्ही खाडीच्या तोंडाकडे वाहत निघालो. तिथं वाळूच्या उंचवट्यावर लाटा फुटत होत्या. मामांनी निघताना एक वाक्य ऐकवलं होतं, ते तेव्हा नीट कळलं: "जावईबापू, गाडी बंद पडली तर उभी राहते. होडी राहत नाही."

पाण्याची धार म्हणजे नक्की काय?

पेट्रोल इंजिनमध्ये जळलेल्या इंधनातली साधारण पाव ते एक तृतीयांश ऊर्जाच कामाला येते. बाकीची उष्णता होऊन जाते. त्यातली काही धुराबरोबर बाहेर पडते आणि उरलेली काढून टाकावी लागते. ९.९ हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ७.४ किलोवॉट. इंजिन पूर्ण वेगात असताना जवळपास तेवढीच उष्णता थंड करणाऱ्या पाण्याला वाहून न्यावी लागते. घरातले तीन-चार गिझर एकदम चालू ठेवल्यासारखं समजा.

गाडीत हे काम रेडिएटर करतो. तेच पाणी आत फिरत राहतं, हवेनं थंड होतं. होडीला तर सभोवती पाणीच पाणी, म्हणून आउटबोर्डमध्ये रेडिएटर नसतो. बाहेरचं पाणी खेचायचं, इंजिनभोवती फिरवायचं आणि परत सोडून द्यायचं, एवढीच पद्धत.

प्रवास असा असतो:

१. इंजिनचा खालचा भाग पाण्यात बुडालेला असतो. त्याच्या बाजूला जाळीदार फटी असतात. तिथून पाणी आत येतं.

२. त्याच्या वरच पाण्याचा पंप असतो. इंजिनकडून खाली पंख्याकडे, म्हणजे प्रोपेलरकडे जाणारा जो उभा दांडा असतो, त्याच दांड्यावर हा पंप बसवलेला असतो. दांडा फिरला की पंप फिरतो.

३. पंपातून नळीवाटे पाणी वर चढतं, सिलिंडरभोवतीच्या पोकळ्यांतून फिरतं.

४. गरम झालेलं पाणी धुराबरोबर खाली जातं आणि बहुतेक इंजिनांत पंख्याच्या मध्यभागातून पाण्याखालीच बाहेर पडतं.

५. त्यातला अगदी थोडा हिस्सा एका बारीक भोकातून बाहेर सोडलेला असतो, माणसाला दिसावा म्हणून. हीच ती धार. इंग्रजीत तिला टेलटेल म्हणतात, म्हणजे चहाडी सांगणारी.

अनेक आउटबोर्ड इंजिनांत थर्मोस्टॅटही असतो. गाडीतला थर्मोस्टॅट ८० अंशांच्या पुढे उघडतो, आउटबोर्डमधला साधारण ५० ते ६० अंशांनाच. कारण मिठात आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी फार तापलं तर ते क्षार आतल्या भिंतींवर बसायला लागतात, वाटा अरुंद होतात आणि इंजिन आणखी तापतं.

इम्पेलर: सगळा खेळ या रबराचा

पंपाच्या आत रबराचं एक छोटं चाक असतं. त्याला बहुधा सहा पाकळ्या असतात. हा इम्पेलर. तो ज्या वाटीत फिरतो तिचा मध्य आणि दांड्याचा मध्य मुद्दाम थोडे वेगळे ठेवलेले असतात. त्यामुळे एका बाजूला पाकळ्या वाकतात, दुसऱ्या बाजूला सरळ होतात. सरळ होताना दोन पाकळ्यांमधली जागा वाढते आणि पाणी आत ओढलं जातं. वाकताना जागा कमी होते आणि पाणी वर ढकललं जातं. वेग वाढला की पाकळ्या पाण्याच्या दाबानं वाकलेल्याच राहतात आणि पंप नुसत्या फिरण्याच्या जोरावर पाणी फेकतो.

या रबराचे शत्रू चार:

कोरडं चालणं. वाटीच्या भिंतीला घासणाऱ्या पाकळ्यांना वंगण म्हणून फक्त पाणीच मिळतं. पाण्याबाहेर इंजिन चालू केलं तर काही सेकंदांत रबर तापून खराब व्हायला लागतं.

वाळू आणि गाळ. उथळ पाण्यात इंजिनचा खालचा भाग तळाला लागला की पंप वाळूमिश्रित पाणी खेचतो. पाकळ्या झिजतात, वाटीला चरे पडतात.

एकाच जागी पडून राहणं. चार-पाच महिने इंजिन हललंच नाही, तर वाकलेल्या पाकळ्या तशाच आकाराच्या होऊन बसतात.

वय. वापरा किंवा न वापरा, रबर कडक होतं, मुळाशी तडे जातात.

आता माझी चूक. आदल्या संध्याकाळी मामा बाजारात गेले असताना, इंजिन चालू होतंय का ते बघावं म्हणून मी ते अंगणात स्टँडवर असतानाच दोरी ओढून सुरू केलं होतं. पाणी नाही, ड्रम नाही. अर्धा मिनिट छान आवाज करत चाललं. मी खूश. पावसाळाभर एकाच जागी पडून असलेल्या रबराला मी स्वतःच कोरडं घासलं होतं.

भर पाण्यात धार थांबली तर: क्रमानं काय करायचं

पहिलं काम इंजिन नव्हे, होडी

आधी होडी सुरक्षित करा. आम्ही दोघांनी लाइफ जॅकेट घातलेलीच होती. मी नांगर टाकला. तो घसरला, कारण दोर आखडून धरला होता. दोर मोकळा सोडला तसा दुसऱ्या वेळी धरला. नियम असा आहे: नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट हवा, वारा किंवा प्रवाह असेल तर सातपट. नांगर वजनानं नाही, तळाला आडवा ओढला जाऊन रुतल्यानं धरतो. दोर उभा राहिला तर तो उपटला जातो. तीन मीटर पाण्यात आम्ही वीस मीटर दोर सोडला आणि होडी थांबली. नांगर नेहमी पुढच्या नाळीकडून बांधा. मागून बांधलात तर लाटा इंजिनच्या बाजूनं होडीत येतात.

मग इंजिन, पण थंड झाल्यावर

१. इंजिन वर उचलून पाणी आत येण्याच्या फटी बघा. प्लास्टिकची पिशवी, शेवाळ, जाळ्याचा तुकडा अडकलेला असतो. निम्म्याहून जास्त वेळा एवढ्यावरच भागतं, असं मामांचं मत आहे. आमच्या फटी स्वच्छ होत्या.

२. धारेचं भोक बघा. इंजिन बरेच दिवस पडून असेल तर त्यात कुंभारमाशी मातीचं घर करते किंवा मीठ साचतं. अशा वेळी इंजिन थंडच राहतं, फक्त धार दिसत नाही. बारीक तार किंवा जाड नायलॉन दोरा आत घालून फिरवा. आमचं भोकही मोकळं होतं. शिवाय आमचा भोंगा वाजला होता, म्हणजे इंजिन खरोखर तापलं होतं.

३. इंजिन पुरतं थंड झाल्यावर ते खाली सोडून फक्त दहा-पंधरा सेकंद चालू करून बघा. धार आली तर हळू वेगात परत फिरा. नाही आली तर पंप गेला असं धरा आणि इंजिन पुन्हा चालू करू नका.

आमची धार आली नाही. इथं आमचं थोडं वाजलं. किनारा तीनशे-चारशे मीटरवर दिसत होता. मी म्हटलं, "दोन मिनिटं चालवू, टेकू कडेला." बायको म्हणाली, "आणि मध्येच जाम झालं तर? नांगर उचललेला, इंजिन बंद, आणि आपण त्या लाटांच्या शंभर मीटर जवळ." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "काल अंगणात कशाचा आवाज येत होता रे?" मग सांगावं लागलं.

तिचंच बरोबर होतं. पाण्याशिवाय जोरात चालवलेल्या इंजिनात आधी सिलिंडर हेडचं गॅस्केट जातं, ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, पिस्टन सिलिंडरला घासून अडकतो. थोड्या पैशांच्या रबरासाठी अख्खं इंजिन जातं. त्याहून वाईट म्हणजे आमचा एकमेव भरवशाचा आधार, तळाला धरलेला नांगर, आम्ही आपल्या हातानं सोडला असता.

मदत कुणाला मागायची?

आम्ही मामांना फोन केला. त्यांनी राजिवड्यातल्या ओळखीच्या तांडेलाला कळवलं. ओळख नसेल तर भारतीय तटरक्षक दलाचा समुद्रातल्या मदतीसाठीचा क्रमांक १५५४ आहे, टोल फ्री. ११२ हाही चालतो. फोनवर चार गोष्टी सांगा: कुठे आहात, किती जण आहात, होडी नांगरावर आहे की वाहतेय, आणि जॅकेट आहेत का. मोबाइल प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवा.

भरती-ओहोटीचं गणित निघण्याआधी करा

वाट बघताना मला आणखी एक गोष्ट उमगली. आमची वेळच चुकली होती.

आपल्याकडे मच्छीमारांचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. प्रतिपदेला पाऊण, म्हणजे दुपारी पाऊणच्या सुमारास पूर्ण भरती. हा ढोबळ हिशोब आहे. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, त्यामुळे रत्नागिरीत ती मुंबईच्या आधी लागते. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात किंवा ॲपवर बघावी.

भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात, पण पाणी सगळा वेळ सारख्या गतीनं उतरत नाही. एकूण उताराचे बारा भाग केले तर सहा तासांत ते अंदाजे १, २, ३, ३, २, १ असे उतरतात. म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या तासात अर्धं पाणी निघून जातं. आम्ही नेमके त्याच वेळात खाडीच्या तोंडाकडे निघालो होतो, तेही पौर्णिमेच्या उधाणात. हौसेनं फिरायचं असेल तर भरती चढत असताना निघावं. इंजिन बंद पडलं तरी पाणी तुम्हाला खाडीच्या आत, घराकडे नेतं.

पाऊण तासानं राजिवड्याची होडी आली. ओढून नेताना आमचं इंजिन वर उचलून ठेवलं, दोर पुढच्या कडीला बांधला आणि वेग अगदी कमी ठेवला. थर्मासमधला चहा तांडेलाला दिला. सूर्यास्त आम्ही दोराला बांधलेल्या होडीतून, पाठमोरे बसून पाहिला.

दुरुस्ती: इम्पेलर कसा बदलतात?

दुसऱ्या दिवशी मामांनी इंजिन उघडलं. हत्यारं हाताळायची सवय असेल आणि त्या मॉडेलचं पुस्तक समोर असेल, तर लहान इंजिनवर हे काम घरी होतं. नसेल तर मेकॅनिककडे द्या. ढोबळ क्रम असा:

१. आधी चुकून इंजिन सुरू होऊ नये म्हणून स्पार्क प्लगच्या टोप्या काढून ठेवा.

२. गिअरची दांडी सोडवा, खालच्या भागाचे बोल्ट काढा आणि तो भाग सरळ खाली ओढा.

३. दांड्यावर पंपाचं घर दिसेल. त्याचे बोल्ट काढून ते वर सरकवा. आत इम्पेलर. त्याला दांड्याशी जखडणारी छोटी चावी असते, ती हमखास घरंगळते. खाली फडकं पसरा.

४. वाटी आणि खालची पत्रा-प्लेट बोटानं चाचपा. चरे लागले तर त्याही बदला. बाजारात सगळा संच एकत्र मिळतो, तोच घ्यावा.

५. नव्या इम्पेलरला साबणाचं पाणी लावा. दांडा त्याच्या नेहमीच्या दिशेनं फिरवत घर खाली दाबा, म्हणजे सगळ्या पाकळ्या योग्य बाजूला वाकतात.

६. नवं गॅस्केट घाला, पाण्याची नळी आपल्या जागी नीट बसल्याची खात्री करा आणि बोल्ट आळीपाळीनं आवळा.

आमच्या इम्पेलरच्या दोन पाकळ्या मुळापासून तुटल्या होत्या, बाकीच्या चार वाकून कडक झाल्या होत्या. मी नवा बसवायला घेतला तेवढ्यात मामांनी हात धरला. "दोन तुटल्या ना? मग दोन तुकडे दाखवा." हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. तुटलेली पाकळी नाहीशी होत नाही. ती पाण्याबरोबर वर जाते आणि पुढच्या अरुंद वाटेत अडकते. नवा पंप बसवूनही इंजिन तापतं ते बऱ्याचदा यामुळे. एक तुकडा पंपाच्या घरातच होता. दुसरा बायकोनं शोधला, वर जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी रुतलेला.

मग ड्रममध्ये, फटी बुडतील एवढं पाणी भरून इंजिन चालू केलं. काही सेकंदांत धार आली, बोटाला जोर जाणवेल अशी.

देखभालीचं वेळापत्रक

निघण्याआधी: पेट्रोल, इंजिन ऑइल, नांगर आणि दोर, दोन वल्ही, जॅकेट, शिट्टी, टॉर्च. इंजिन बंद करणारी सुरक्षा दोरी मनगटाला. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा, नाहीतर काही वेळानं पेट्रोल येणं थांबतं.

चालू केल्यावर: अर्ध्या मिनिटात धार दिसलीच पाहिजे. ती किती जोरात आणि किती लांब पडते ते लक्षात ठेवा, म्हणजे फरक पडला की कळेल.

परतल्यावर: दहा मिनिटं गोड्या पाण्यानं आतून धुवा, पुस्तकात दिलेल्या पद्धतीनं. मग इंजिन उभं ठेवा, आतलं पाणी निथळून जातं.

महिन्यातून: पंखा काढून दांड्यावर नायलॉनचा दोरा गुंडाळला गेलाय का ते बघा. असा दोरा ऑइल सील कापतो आणि गिअरमध्ये पाणी शिरतं. गिअर ऑइल दुधासारखं पांढरट दिसलं तर पाणी शिरलंय असं समजा. इंजिनवर जस्त किंवा ॲल्युमिनियम मिश्रधातूचे छोटे ठोकळे असतात. खारं पाणी इंजिनऐवजी त्यांना खातं. निम्मे झिजले की बदला, आणि त्यांच्यावर रंग कधीही लावू नका.

वर्षातून: इम्पेलर तपासा. गाळाच्या, वाळूच्या खाडीत वापर असेल तर हंगामाच्या सुरुवातीला सरळ बदलूनच टाका. जुना चांगला दिसला तर सुटा भाग म्हणून जवळ ठेवा.

पावसाळ्यापूर्वी: यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते, आणि हौशी होड्याही त्याच्या आगेमागेच किनाऱ्यावर येतात. तेव्हा टाकीतलं पेट्रोल काढून टाका. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते दमट हवेतलं पाणी शोषून घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतात, आणि इंजिनकडे जाणारी नळी नेमकी तळातूनच ओढते.

शेवटी एक गोष्ट

आउटबोर्ड इंजिन लोकप्रिय करणारा ओल इव्हिनरूड हा अमेरिकेतला नॉर्वेजियन कारागीर. अशी गोष्ट सांगतात की, तळ्याकाठच्या सहलीत बेसला, म्हणजे जिच्याशी पुढे त्याचं लग्न झालं तिला, आइस्क्रीम हवं होतं. तो होडी वल्हवत गेला, आणि परत येईपर्यंत आइस्क्रीम वितळलं. त्यातून त्याला होडीच्या इंजिनची कल्पना सुचली. १९०९ मध्ये त्यानं ही इंजिनं विकायला सुरुवात केली. कंपनीचा व्यवहार आणि जाहिराती बेस बघायची.

दोन दिवसांनी आम्ही पुन्हा खाडीत गेलो, या वेळी चढत्या भरतीबरोबर, पुलाच्या आतल्या बाजूला. बायको इंजिनकडे तोंड करून बसली होती. मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "पडतेय. तू पुढे बघ."